सेकंड हँड ट्रायल्स मोटरसायकल : घरामागच्या शेडमध्ये काय करावे, काय करू नये

प्रश्न थोडक्यात असा होता : लीड्समध्ये राहणाऱ्या एका मराठी वाचकाने सेकंड हँड बीटा इव्हो २५० टू-स्ट्रोक घेतली आहे. रविवारी क्लबच्या ट्रायल्सना (दगड-चिखलातून पाय न टेकता गाडी चालवायच्या स्पर्धांना) जायचा विचार आहे. गॅरेज नाही, घरामागे लाकडी शेड आहे. पुण्यात असताना पल्सरचे ऑइल बदलणे, चेन ताणणे एवढे स्वतः केलेले आहे. या गाडीचे घरी काय काय करता येईल आणि मेकॅनिककडे कशासाठी जावे?

जवळजवळ सगळे घरी करता येईल. क्रँककेस उघडून क्रँकची बेअरिंग बदलणे, मागच्या शॉकमध्ये गॅस भरणे आणि वाकलेली रिम सरळ करणे ही कामे बाहेर द्या. बाकीच्यांसाठी ॲलन की आणि सॉकेटचा चांगला संच, छोटा टॉर्क रेंच, गाडी चढवून ठेवायला एक भक्कम क्रेट आणि बीटाच्या वेबसाइटवरून उतरवलेले तुमच्या वर्षाच्या मॉडेलचे मॅन्युअल पुरते.

पल्सरची एक सवय मात्र सोडावी लागेल. तिथे आपण किलोमीटर मोजून सर्व्हिसिंग करतो. ट्रायलच्या दिवशी ही गाडी फार अंतर जात नाही. बहुतेक वेळ ती पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, कमी आरपीएमवर, ओढ्यात आणि चिखलात असते. इंजिन त्यात फारसे झिजत नाही. ती खराब होते पाण्याने, चिखलाने आणि वापराविना शेडमध्ये उभी राहून. म्हणून माझे सांगणे असे की इंजिनाला निष्कारण हात लावू नका आणि तो सगळा वेळ बेअरिंग, फिल्टर, क्लच आणि ब्रेक यांना द्या. स्पार्क प्लगच्या वायरला गुंडाळायचे स्वस्त अवर-मीटर मिळते, ते बसवून घ्या आणि यापुढे सगळा हिशेब तासांत ठेवा.

हा खेळ न पाहिलेल्यांसाठी एवढेच सांगतो. ट्रायलमध्ये वेगाला महत्त्व नाही. दगड, ओली मुळे, उभे चढ यांतून आखलेले सेक्शन पाय न टेकता पार करायचे असतात. पाय टेकला की दंडाचा गुण, सेक्शन पुरा झाला नाही तर पाच, आणि ज्याचे गुण सर्वांत कमी तो जिंकतो. लीड्सच्या माणसाला तर हा खेळ दारातच आहे. ब्रॅडफर्डजवळच्या शिपलीत स्कॉट कंपनी टू-स्ट्रोक मोटरसायकली बनवायची. तिच्या कामगारांसाठी १९१४ साली सुरू झालेली स्कॉट ट्रायल आजही यॉर्कशायर डेल्समध्ये भरते. १९६५ साली सॅमी मिलर यांनी हलकी स्पॅनिश टू-स्ट्रोक बुल्टाको शेर्पा घेऊन स्कॉटिश सिक्स डेज ट्रायल जिंकली आणि जड ब्रिटिश फोर-स्ट्रोकचे दिवस भरले. तेव्हापासून या गाड्यांचे वजन उतरतच गेले. तुमची इव्हो सत्तर किलोच्या आसपास आहे आणि तिचे पेट्रोलही वेगळ्या टाकीत नसून ॲल्युमिनियमच्या फ्रेमच्या पोटात असते. या हलकेपणासाठी सगळे बारीक केलेले आहे : बेअरिंग छोटी, कॅलिपर छोटे, बोल्ट छोटे आणि बहुतेक आटे मऊ ॲल्युमिनियममध्ये पाडलेले. देखभालीचे सगळे नियम यातूनच निघतात.

सुरुवात धुण्यापासून करू, कारण सर्वांत जास्त नुकसान तिथेच होते. ट्रायल संपली की लोक प्रेशर वॉशर काढतात आणि जिथे चिखल दिसेल तिथे नोझल लावतात. ते पाणी सीलच्या कडेतून चाकांच्या, स्विंगआर्मच्या (मागचे चाक धरणाऱ्या दांड्याच्या) आणि लिंकेजच्या (त्याला शॉकशी जोडणाऱ्या सांध्यांच्या) बेअरिंगमध्ये शिरते. एकदा आत गेले की बाहेर यायला वाट नसते. ग्रीस पांढरे पडते आणि काही आठवड्यांत बेअरिंगमधल्या सुया (बारीक स्टीलचे रोलर) गंजतात. बादली, ब्रश आणि बागेतला साधा पाइप पुरे. प्रेशर वॉशर वापरायचाच असेल तर टायर आणि मडगार्डच्या खालच्या बाजूपुरता. धुण्याआधी सायलेन्सरच्या तोंडात बोळा आणि एअरबॉक्सवर झाकण. स्किड प्लेट (इंजिनाखालचा संरक्षक पत्रा) अधूनमधून उतरवा. तिच्यात आणि इंजिनात चिखल ठासून बसतो, उष्णता कोंडतो आणि वर वजनही वाढवतो. धुऊन झाल्यावर इंजिन पाच मिनिटे चालू ठेवा म्हणजे फटींतले पाणी वाळेल. मग चेन, फूटरेस्टच्या पिना, किक आणि गिअर लिव्हरचे सांधे यांवर पाणी हटवणारा स्प्रे मारा. मागची डिस्क त्या वेळी फडक्याने झाकायची, हे विसरू नका. ते का, ते ब्रेकच्या वेळी सांगतो.

सेकंड हँड गाडी घेतल्यावर पहिले काम मागच्या लिंकेजचे. गाडी क्रेटवर चढवा, मागचे चाक अधांतरी ठेवा, मागचे मडगार्ड धरून हलकेच वर-खाली करा. शॉक हलायच्या आधी ‘टक’ असे लागले तर बेअरिंग गेली. काही लागले नाही तरी एकदा उघडाच, कारण आधीच्या मालकाने कधी उघडले होते ते कळायला दुसरा मार्ग नाही. बोल्ट काढताना कोणता कुठून आला याचे मोबाइलवर फोटो काढत चला. सुईच्या बेअरिंगमधल्या सुया काही वेळा सुट्या असतात, खाली ट्रे ठेवा. रॉकेलने धुवा (इथे ते पॅरफिन म्हणून मिळते), सुयांवर आणि बुशवर खड्डे किंवा तपकिरी रेषा दिसल्या तर बदला. बेअरिंगच्या कडेवर कोड कोरलेला असतो. तो सांगितला की बेअरिंगच्या दुकानात तीच वस्तू बहुतेक वेळा कंपनीच्या पाकिटातल्यापेक्षा स्वस्त मिळते. भरताना बोटींच्या ट्रेलरसाठीचे पाण्यात न सुटणारे ग्रीस वापरा आणि कंजूषपणा करू नका. यॉर्कशायरच्या पावसात हे काम वर्षातून एकदा तरी हवे. त्याच दुपारी हँडल डावी-उजवीकडे हळू फिरवून पाहा. सरळ स्थितीत अडखळल्यासारखे वाटले तर स्टिअरिंगच्या बेअरिंगही खराब झाल्या आहेत.

एअर फिल्टर फोमचा आहे. दर रविवारी पाहा, मळला असेल तर धुवा. आधी रॉकेलमध्ये किंवा फिल्टर क्लीनरमध्ये, मग कोमट साबणाच्या पाण्यात. धुतलेला स्वेटर पिळतो तसा पीळ देऊ नका, तळहातांत दाबून पाणी काढा, नाहीतर जोडावरचा गोंद सुटतो. पेट्रोलमध्येही धुऊ नका, गोंद त्यानेही जातो आणि शेडमध्ये वाफ साठते. पूर्ण वाळल्यावर फिल्टर ऑइल लावून सगळीकडे सारखा रंग येईपर्यंत मळा. बसणाऱ्या कडेला थोडे ग्रीस लावा. दोन फिल्टर ठेवले की काम सोपे होते, एक गाडीत आणि एक तयार करून पिशवीत. टू-स्ट्रोकमध्ये फिल्टरमधून निसटलेली बारीक वाळू कार्बमधून (कार्ब्युरेटरमधून) सरळ क्रँकवर आणि सिलिंडरवर जाते, आणि इंजिन अकाली उघडावे लागते ते बहुधा याच वाळूमुळे.

पेट्रोलचे आता. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साधे पेट्रोल ई१० झाले, म्हणजे त्यात १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल. इथेनॉल हवेतले पाणी शोषते. महिनाभर उभ्या असलेल्या कार्बमध्ये त्याने गाळ आणि हिरवट खार धरतो. पायलट जेटचे (कमी थ्रॉटलला पेट्रोल देणाऱ्या कार्बमधल्या नळीचे) छिद्र अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते, त्यामुळे एवढासा गाळही पुरतो. मग गाडी चोकवर चालते, चोक काढला की बंद पडते. म्हणून ९७ ऑक्टेनचे सुपर घ्या, ज्यात इथेनॉल कमी असते. थोडेच मिसळा आणि शेवटच्या सेक्शननंतर पेट्रोलचा कॉक बंद करून फ्लोट बोल (कार्बच्या तळाची वाटी) रिकामा करा. (महाराष्ट्रात आता पंपावर ई२० मिळते, तेव्हा तिकडे जुन्या कार्बच्या गाड्या बाळगणाऱ्यांनाही हा सल्ला लागू आहे.) जेट तुंबलाच तर त्यात तार घालू नका, छिद्र मोठे होते. काढून कार्ब क्लीनर मारा आणि उजेडासमोर धरून छिद्र गोल दिसते का ते पाहा.

ऑइलचे प्रमाण मॅन्युअलमध्ये असेल तेच ठेवा. आधुनिक ट्रायल्स गाड्यांत चांगले सिंथेटिक ऑइल साधारण ६०:१ ते ८०:१ चालते. ७०:१ म्हणजे ५ लिटरला सुमारे ७१ मिली. ‘जास्त ऑइल म्हणजे जास्त सुरक्षित’ हा समज आपल्याकडे जुन्या स्कूटरच्या काळापासून आहे, पण या इंजिनाला तो मानवत नाही. कमी आरपीएमवर ऑइल जळत नाही, क्रँककेसच्या तळाशी आणि सायलेन्सरच्या पॅकिंगमध्ये साठते. मग चढावर थ्रॉटल उघडला की आधी गुदमरते आणि नंतर एकदम झेपावते. सायलेन्सरच्या जोडातून काळे तेल ठिबकत असेल तर पॅकिंग भिजले आहे. ते बदलणे हे एका दुपारचे घाणेरडे पण सोपे काम आहे.

आता क्लच. त्यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण ट्रायल्समध्ये सगळे कसब डाव्या हाताच्या एका बोटात असते आणि इव्होचा क्लच याबाबतीत प्रसिद्ध आहे. सकाळी थंड गाडी पहिल्यात टाकली की क्लच पूर्ण दाबलेला असूनही ती पुढे झेप घेते. तासाभराने गरम झाल्यावर जरा सुधारते. बरेच जण क्लचचे हायड्रॉलिक पुन्हा पुन्हा ब्लीड करत (म्हणजे फ्लुइडमधली हवा काढत) बसतात. दोष बहुधा तिथे नसतो. फ्रिक्शन प्लेटवर घर्षणाचे तुकडे चिकटवताना जो गोंद वापरलेला असतो, तो तुकड्यांच्या कडेने बाहेर येऊन मधल्या खाचांत वाळलेला असतो. या खाचा तेल बाहेर पडायच्या वाटा आहेत. त्या बुजल्या की तेल अडकते आणि प्लेटी एकमेकींना चिकटून राहतात.

उपाय पूर्णपणे घरचा आहे. कॉक बंद करा, पेट्रोल काढून ठेवा आणि क्लचची बाजू वर येईल अशी गाडी जुन्या गादीवर आडवी करा. अशाने गिअरबॉक्सचे तेल काढावे लागत नाही. क्लचचे झाकण उघडा. स्प्रिंगचे बोल्ट एकदम सोडू नका, समोरासमोरचे थोडे थोडे सैल करत आणा. प्लेटी निघतील त्याच क्रमाने वर्तमानपत्रावर मांडा. प्रत्येक फ्रिक्शन प्लेट उजेडात धरली की खाचांत चकचकीत तपकिरी गोंद दिसेल. बारीक चपट्या कानशीने किंवा धारदार चाकूच्या टोकाने तो सगळा खरवडा, घर्षणाच्या तुकड्याला न दुखवता. कंटाळवाणे काम आहे, घाई नको. मग स्टीलच्या प्लेटी काचेवर ठेवून डुगडुगतात का ते पाहा. डुगडुगणारी प्लेट वाकलेली आहे, निळी पडलेली जळलेली आहे, दोन्ही बदलायच्या. बास्केटच्या (प्लेटी जिच्यात बसतात त्या वाटीच्या) दात्यांवर प्लेटींनी खाचा पाडल्या असतील तर कानशीने हलकेच सपाट करा. खाच खोल असेल तर बास्केट बदलणेच बरे. प्लेटी ब्रेक क्लीनरने धुवा, ताज्या गिअर ऑइलमध्ये बुडवून ठेवा आणि त्याच क्रमाने बसवा. इतके केल्यावर क्लच ओळखू येत नाही इतका बदलतो.

तेलाचाही क्लचवर थेट परिणाम होतो. कारच्या इंजिन ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्ये असू शकतात आणि त्याने क्लच घसरतो, ते नकोच. मॅन्युअलमधले तेल किंवा बरेच रायडर वापरतात ते एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल) यांपैकी एक धरा आणि तेच चालू ठेवा. दर खेपेला ब्रँड बदलला की क्लच पकडायची जागा बदलते आणि बोटाला लागलेली सवय वाया जाते. तेल लागते अर्ध्या लिटरच्या आसपास, त्यामुळे लवकर लवकर बदलायला हात आखडू नये. निघालेले तेल दुधी दिसले तर वॉटर पंपाचे सील गेले आहे किंवा ओढ्याचे पाणी शिरले आहे. कूलंटची पातळी पाहिली की दोन्हींतले कोणते ते कळते.

हायड्रॉलिकला हात लावण्याआधी मास्टर सिलिंडरच्या (लिव्हरजवळच्या फ्लुइडच्या डबीच्या) झाकणावर काय लिहिले आहे ते वाचा. ट्रायल्स गाड्यांत काही क्लच डॉट ४ ब्रेक फ्लुइडवर चालतात, तर काही मिनरल ऑइलवर. एकात दुसरे गेले की रबरी सील फुगतात आणि सगळे बदलावे लागते. क्लच ब्लीड करताना वरून पंप करत बसण्यापेक्षा खालच्या निपलमधून सिरिंजने फ्लुइड वर ढकला, हवा आपोआप वर निघते. वरच्या टाकीतून आधी थोडे फ्लुइड काढून ठेवा, नाहीतर सांडून रंग खाईल. लिव्हरला थोडी मोकळी चाल ठेवलीच पाहिजे. लिव्हर जवळ आणायच्या नादात ॲडजस्टर पूर्ण आत फिरवला की मास्टर सिलिंडरमधले परतीचे छिद्र बंद राहते, गरम झालेल्या फ्लुइडला जागा उरत नाही आणि क्लच आपोआप घसरायला लागतो. मागच्या ब्रेकचेही तेच. पेडलला चाल नसेल तर दुपारी चाक जाम होते.

मागचा ब्रेक लागत नाही, कोकलतो, ही ट्रायल्समधली कायमची तक्रार. कारणे दोन. एक, चेनचा स्प्रे डिस्कवर उडून पॅडमध्ये मुरतो. पॅड काढून काचेवर ठेवलेल्या पॉलिश पेपरवर घासा, डिस्क ब्रेक क्लीनरने पुसा. तेल खोल मुरले असेल तर पॅड टाकून द्या. दुसरे, कॅलिपर जिथे बसतो तिथे ब्लीड निपल सर्वांत उंचावर येत नाही, म्हणून हवेचा बुडबुडा आत राहतो. कॅलिपर सोडवा, पॅडमध्ये डिस्कच्या जाडीची पट्टी धरा, निपल वर करा आणि मग ब्लीड करा.

चेनबद्दल थोडक्यात. खालच्या बाजूला स्प्रिंगचा टेन्शनर असल्यामुळे ती पल्सरपेक्षा सैल ठेवायची. ॲडजस्टर गोगलगाईच्या आकाराचे असतात, दोन्ही बाजूंना सारख्याच खाचेवर.

टायरचे मात्र नीट ऐका. मागचा ट्यूबलेस ४.०० आर १८, पुढचा ट्यूबचा २.७५-२१. मागच्यात ४ पीएसआयच्या आसपास हवा, पुढच्यात ६ च्या आसपास. दगड ओला असेल तर मागची आणखी किंचित कमी. पेट्रोल पंपावरचा गेज इथे निरुपयोगी, ० ते १५ चा कमी दाबाचा गेज घ्या. नवा मागचा टायर चढवताना कडेला भरपूर साबणाचे पाणी लावा, टायरच्या घेरावर रॅचेटचा पट्टा आवळा म्हणजे कडा रिमकडे पसरतील, आणि व्हॉल्व्हचा गाभा काढून कंप्रेसरने हवा द्या. टायरवर छापलेल्या कमाल दाबाच्या वर जाऊ नका. हवा रात्रीतून उतरत असेल तर रिमवर साबणाचे पाणी ओता आणि बुडबुडे कुठे येतात ते पाहा.

फोर्कच्या सीलमधून तेल दिसले म्हणून लगेच सील बदलू नका. बऱ्याचदा आत चिखलाचा कण अडकलेला असतो. धूळ-सील खाली करा, जुन्या कॅमेऱ्याच्या निगेटिव्हची पट्टी सीलच्या कडेत घालून एक फेरी फिरवा, पुसा. गळती थांबली तर काम झाले.

ट्रायलला रेडिएटरचा पंखा नीट चालणे फार गरजेचे, कारण वारा लागण्याइतका वेग नसतो. गाडी उभी ठेवून चालू केली की काही मिनिटांत पंखा सुरू व्हायला हवा. बॅटरी नाही, म्हणून इंजिन बंद की पंखाही बंद. तो लागलाच नाही तर चालू इंजिनावर थर्मोस्विचच्या (कूलंट तापला की पंखा लावणाऱ्या स्विचच्या) दोन वायर एकमेकींना जोडून पाहा. पंखा फिरला तर स्विच गेला, नाही फिरला तर पंखा किंवा वायरिंग. कूलंटमध्ये साधे पाणी नको, इथल्या हिवाळ्यात ते गोठते.

कधीतरी गाडी ओढ्यात बुडेल. बंद पडली की किक मारायची नाही. इंजिनात पाणी असेल तर ते दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. बाहेर ओढा, प्लग काढा, पेट्रोलचा कॉक बंद करा, मित्राच्या मदतीने गाडी मागच्या चाकावर उभी करा म्हणजे सायलेन्सरचे पाणी निघेल. एअरबॉक्स रिकामा करा, फिल्टर दाबून पाणी काढा, फ्लोट बोलही रिकामा. मग प्लग बाहेरच ठेवून, ठिणगी पडू नये म्हणून किल-स्विचचा (इंजिन बंद करणाऱ्या बटणाचा) मॅग्नेट काढून, सावकाश किक मारत राहा. छिद्रातून फवारा यायचा थांबला की कोरडा प्लग लावा. घरी आल्यावर त्याच संध्याकाळी गिअरचे तेल बदला आणि बेअरिंगना ग्रीस द्या. पुढच्या रविवारपर्यंत थांबलात तर क्रँकच्या बेअरिंगवर गंज बसलेला असेल.

आटे जपा. ॲल्युमिनियममधल्या ६ मिमीच्या बोल्टला साधारण १० न्यूटन-मीटर पुरते. मॅन्युअलमध्ये त्या जागेसाठी वेगळा आकडा असेल तर तो पाळा. मनगटाने ‘अजून थोडे’ केले की आटे गेलेच. गेले तर हेलिकॉइल (तारेच्या गुंडाळीचे नवे आटे) घाला, हे घरी जमते, फक्त ड्रिल सरळ धरायला हवे.

इंजिन केव्हा उघडायचे? किकचा दाब कमी झाला आणि गरम असताना सुरू व्हायला त्रास देऊ लागली तर पिस्टन आणि रिंग पाहायची वेळ आली. हेड आणि सिलिंडर उतरवणे तुमच्या आवाक्यातले काम आहे. गिअरबॉक्सचे तेल गळत नाही तरी कमी होते आणि धूर पांढरट, दाट येतो, तर क्लचकडचे क्रँक सील तेल आत खेचते आहे. थ्रॉटल सोडल्यावरही इंजिन वर-वर फिरत राहते तर मॅग्नेटोकडच्या (फ्लायव्हीलच्या बाजूच्या) सीलमधून हवा शिरते आहे. अशी गाडी चालवत राहू नका, मिश्रण पातळ होऊन पिस्टन धरतो. मॅग्नेटोकडचे सील योग्य पुलर असेल तर फ्लायव्हील काढून घरी बदलता येते. स्क्रूड्रायव्हरने फ्लायव्हील उचकटायला जाऊ नका. क्रँकमधून गुरगुर ऐकू येत असेल किंवा फ्लायव्हील हाताने वर-खाली हलत असेल तर मात्र गाडी व्हॅनमध्ये घाला आणि ट्रायल्सचे काम करणाऱ्या मेकॅनिककडे न्या. नेण्याआधी स्वतः धुऊन, स्किड प्लेट आणि सायलेन्सर उतरवून द्या. त्याच्या मजुरीचा तास या देशात महाग आहे.